आधी मस्टर, मग पोल: वीज वितरणातल्या अप्रेंटिस भावाला उत्तर

भावा, तुझी पोस्ट वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय. लांबेल, आधीच सांगतो.

ज्यांनी पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा इलेक्ट्रिशियन ट्रेड पास होऊन वीज वितरणात अप्रेंटिस लागला, ऑर्डर एका शाखेची निघाली, पण थोड्याच दिवसात साहेबांचा फोन आला की पलीकडच्या शाखेत माणसं कमी आहेत, उद्यापासून तिकडं जा. तो गेला. त्यानंतर स्टायपेंड थांबला, नवीन ठिकाणी वायरमन लोक त्याला एकट्याला पोलवर चढवतात, आणि तो विचारतोय की हे सोडून देऊ का.

बाकीच्यांनी सगळं स्टायपेंडवर लिहिलंय. पैसे आज ना उद्या येतील रे. मला भीती वाटली ती त्या फोनवरच्या बदलीची, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच केलं.

मी कुठल्या कंपनीत होतो, कुठलं ऑफिस, ते सांगणार नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत आणि त्यातली काही खरंच चांगली होती. मी वकील नाही, नियम बदलत असतात, तुमच्याकडची परिपत्रकं वेगळी असतील, तेव्हा माझं वाचून थेट साहेबाशी भांडायला जाऊ नकोस. हेल्मेट घाल, ग्लोव्हज घाल हे पण सांगत बसत नाही, ते आयटीआयत घोकून झालंय.

तर माझ्या वेळी पण असंच, तोंडी सांगून दुसऱ्या शाखेत. पावसाळ्याच्या तोंडावर. झाडं तोडणं, ताण (पोलला आधार देणारी तार) ओढणं, डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे, किटकॅट फ्यूज बदलणं, वादळाच्या रात्री फीडर (सबस्टेशनवरून निघणारी लाईन) ट्रिप झाला की टॉर्च घेऊन लाईन पेट्रोलिंग, सगळं केलं आणि शिकायला मिळतंय म्हणून आनंदानं केलं. नवीन शाखेत मी रोज एका वहीत सही करायचो, मला वाटायचं तेच मस्टर, म्हणजे अधिकृत हजेरीपट. ती त्यांची घरगुती वही होती. खरं मस्टर पहिल्या शाखेत, आणि तिथं बदलीच्या दिवसापासून माझ्या नावापुढं गैरहजर. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, तिथल्या क्लार्कला दिसलं पोरगं येत नाही, त्यानं लिहिलं. वर विभागीय ऑफिसला तीच हजेरी गेली, पोर्टलवर तीच चढली.

कळलं कधी? अप्रेंटिसशिपच्या परीक्षेची यादी लागली तेव्हा. नाव नाही. शाखेत विचारलं तर म्हणे उपविभागात जा, उपविभाग म्हणे विभागात, विभाग म्हणे तुझा करार मंडळ ऑफिसनं केलाय, तिथं जा. मंडळातल्या बाबूनं फाईल काढली, चष्मा वर केला आणि विचारलं, तू तिकडं होतास याला पुरावा काय? मी म्हटलं सगळे ओळखतात मला, सबस्टेशनच्या ऑपरेटरला विचारा. तो म्हणाला ओळखीवर हजेरी लागत नाही. आणि गंमत बघ, मी रात्री-अपरात्री ज्या ज्या लाईनवर गेलो त्याची नोंद सबस्टेशनच्या रजिस्टरला होतीच, पण ती लाईनमनच्या नावावर, कारण लाईनवर काम करायचं परमिट त्याच्या नावानं निघतं. ते बरोबरच आहे. म्हणजे एका ऑफिसच्या कागदात मी गैरहजर, दुसऱ्याच्या कागदात मी नाहीच, आणि ज्या साहेबानं फोन केला होता त्याची तोवर बदली झालेली, रीतसर लेखी ऑर्डर काढून!

शेवटी काम झालं ते कंपनीच्या ऑफिसातून नाही, बीटीआरआयमधून. हे आयटीआयला जोडलेलं केंद्र असतं, शिकाऊ उमेदवारीचे सल्लागार तिथं बसतात, आणि बऱ्याच पोरांना ते फक्त फॉर्म भरायला माहीत असतं. अप्रेंटिस कायदा 1961 चा आहे, त्यात उमेदवार आणि कंपनीचा करारावरून वाद झाला तर निर्णय सल्लागारानं द्यायचा असं कलम 20 मध्ये आहे. त्यांचं पत्र गेल्यावर मग नवीन जेईनं (ज्युनिअर इंजिनिअरनं) लिहून दिलं की हा आमच्याकडं काम करत होता. पण तोवर परीक्षा होऊन गेलेली. पुढच्या बॅचला बसलो, सर्टिफिकेट आलं, आणि मधल्या काळात ज्या भरतीत ते सर्टिफिकेट लागत होतं तिची तारीख निघून गेली. त्यानंतरची भरती यायला इतका वेळ लागला की मी कॉन्ट्रॅक्टरकडं लागलो तो लागलोच. आज पण लाईनचंच काम करतो, रडत नाही, पण ज्या पोरांबरोबर मी ताण ओढले ते आज पर्मनंट आहेत हे डोक्यातून जात नाही.

म्हणून तू आता सगळ्यात आधी अर्ज कर. तक्रार नको, विनंती अर्ज. अमुक तारखेला तोंडी आदेशानुसार मी तमुक शाखेत हजर झालो आहे, तरी या बदलीचा लेखी आदेश मिळावा आणि माझी हजेरी तिथून धरण्यात यावी, बास. एवढंच. त्यात पोलचं, स्टायपेंडचं, वायरमनचं काही घालू नको, नाहीतर अर्ज फिरत राहतो. एक प्रत मूळ ऑफिसला, एक नवीन शाखेला, एक बीटीआरआयला, आणि स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठव. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर स्वतः लॉगिन करून कराराची पीडीएफ उतरवून घे, त्यात ट्रेड, सुरू-संपायची तारीख आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का बघ.

हे एवढं ताणून का सांगतोय, तर सर्टिफिकेट हा त्यातला छोटा भाग आहे. कायद्याच्या कलम 16 प्रमाणे ट्रेनिंगच्या कामात अप्रेंटिसला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीवर येते. ऐकायला मस्त. पण तू ज्या पोलवर आहेस त्या शाखेत तुझं नावच नसेल, तर पहिल्या दिवशी दोन्ही ऑफिसं काय म्हणतील सांग बरं? हा इथं नव्हताच, आणि हा तिथं कशाला गेला. तुझ्या घरच्यांनी हे दवाखान्यातून भांडत बसायचं का?

आता पोल. माझं मत कडक आहे आणि जुन्या वायरमन लोकांना आवडणार नाही, चालेल. अप्रेंटिसनं एकट्यानं चढायचं नाही. खाली लाईनमन उभा पाहिजे, तो गाडीवर जाऊन चहा पिऊन येतो म्हणाला तर तू पण खाली उतर. कायद्यात तू कामगार नाहीस, ट्रेनी आहेस, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत, 2010 चे होते, 2023 ला नवीन आले, त्यात लाईनवर काम करणाऱ्या नेमलेल्या माणसांची नोंद ठेवायची असते. तुझं नाव त्या नोंदीत आहे का विचार. नसणारच.

चढायच्या आधी विचार की एलसी (लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद केल्याचं परमिट) कुणाच्या नावावर आहे आणि कुठल्या फीडरची. नम्रपणे विचार, काका, एलसी मिळाली का, असं. फोनवर ऑपरेटरला 'बंद कर रे' म्हणून सांगितलंय हे उत्तर आलं तर मला तरी ते उत्तर वाटत नाही. एकाच पोलवर दोन फीडरच्या तारा असतात, गावठाणचा बंद केला आणि शेतीचा चालू राहिला असं होतं. एबी स्विच (लाईन तोडायचा पोलवरचा स्विच) उघडला म्हणतात पण तिन्ही ब्लेड खरंच सुटल्यात का ते खालून मान वर करून बघायचं, एखादं चिकटून राहतं. मग टेस्टर, मग अर्थिंग रॉड कामाच्या दोन्ही बाजूला, आधी जमिनीचं टोक आणि नंतर तारेचं, काढताना उलटं.

आणि बॅकफीड, म्हणजे बंद लाईनवर उलट्या बाजूनं येणारी वीज, हे आयटीआयत एका ओळीत संपवतात, फील्डवर माणसं त्यानंच जातात. एखाद्या मंगल कार्यालयानं जनरेटर चेंजओव्हरशिवाय लावलेला असला की त्याची सप्लाय एलटी (कमी दाबाच्या) तारेवर येते, आणि डीपी उलटी पेटली की तोच ट्रान्सफॉर्मर 415 व्होल्टचे 11 केव्ही करून वरच्या तारेवर टाकतो. ऑपरेटरनं फीडर बंद केलाय, एलसी खरी आहे, आणि तार जिवंत आहे! शेतीच्या लाईनला अजून एक: एका फेजचा फ्यूज काढला म्हणून ती तार मेली असं धरू नको, पुढं थ्री फेज मोटर फिरत असेल तर वाइंडिंगमधून त्या तारेवर व्होल्टेज येतं. म्हणून डीपीचे तिन्ही फ्यूज काढून खिशात घालणारा लाईनमन दिसला तर त्याच्याच मागं फिर, तोच तुझा गुरू.

जरा विषयांतर, पण मार्च आला की वसुलीला पाठवतील, तेव्हाचं सांगतो. थकबाकीवाल्याच्या दारात तुला एकट्याला कनेक्शन कापायला पाठवत असतील तर जाऊ नको. 2003 च्या वीज कायद्यात कलम 56 आहे, आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते, ती दिली की नाही हे तुला माहीत नसतं आणि शिव्या मात्र तू खातोस. कुणी म्हणालं 'घे रे बाळा, एवढे भरून टाक ऑफिसात', तर एक रुपया हातात घेऊ नको, कितीही ओळखीचा माणूस असू दे. आकडा काढायला पण एकटा नाही. मला त्या काळात एका म्हातारीनं शिव्या घालता घालता पाणी पण दिलं होतं, असो.

सोडू का, याचं माझं उत्तर: असा अचानक जाणं बंद करू नको. करार मुदतीआधी मोडायचा तर सल्लागाराकडं अर्ज करावा लागतो, आणि तुझ्या बाजूनं अटी मोडल्या असं ठरलं तर ट्रेनिंगचा खर्च मागता येतो, ते कलम 7 मध्ये आहे. आधी लेखी आदेश माग. मिळाला तर थांब आणि शिक, कारण खरं सांगायचं तर फील्ड इतकं चांगलं दुसरीकडं शिकायला मिळत नाही. रिकाम्या वेळात सबस्टेशनला ऑपरेटरजवळ बसायचं, तो तासाला कुठल्या फीडरचे किती अँपिअर लिहितो ते बघायचं, आणि तुझ्या शाखेचा नकाशा वहीत काढायचा, कुठली डीपी कुठल्या फीडरवर, एबी स्विच कुठं. हा नकाशा ज्याच्या डोक्यात असतो त्याला वायरमन लोक पोलवर ढकलत नाहीत, सल्ला विचारतात. आदेश देतच नसतील आणि एकट्याला चढवणं पण थांबत नसेल, तर बीटीआरआयला लेखी दे आणि आस्थापना बदलून माग. त्यात वर्ष गेलं तरी चालेल.

स्टायपेंडचं शेवटी. 2019 च्या नियमदुरुस्तीत आयटीआयवाल्यांना महिन्याला किमान 7,000 धरले होते, तुझ्या करारात किती आकडा आहे तो बघ. कंपनी केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत असेल तर त्यातला 25 टक्के भाग, जास्तीत जास्त 1,500, सरकार थेट खात्यात टाकतं, 2023 पासून तशी पद्धत आहे. म्हणून आधी पासबुकात नक्की काय थांबलंय ते बघ. फक्त सरकारचा हप्ता थांबला असेल तर बहुतेक आधार दुसऱ्याच बँकेला जोडलंय, आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं की कळतं. कंपनीचा थांबला असेल तर कारण मस्टर, पैज लावतो.

करारात कुठल्या शाखेचं नाव आहे आणि पहिल्या शाखेत तुझी हजेरी कशी मांडलीय, एवढं बघून इथंच लिही, अर्जाचा मसुदा करून देतो.