नॉर्थ राइन-वेस्टफालियात यायचं का? युर्गेन रुटगर्स यांच्याबद्दल विचारणाऱ्या ताईंना

ताई, तुम्हाला जर्मनीतल्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याच्या राजधानीतून, ड्यूसेलडॉर्फहून, नोकरीची ऑफर आली आहे आणि मुलगी आठ वर्षांची आहे. सासऱ्यांनी कुठेतरी वाचलंय की तिथल्या एका पुढाऱ्यानं भारतीयांविरुद्ध घोषणा देऊन निवडणूक लढवली आणि पुढे लोकांनी त्यालाच निवडून दिलं. हे खरं आहे का, आणि असेल तर अशा ठिकाणी मुलीला घेऊन यावं का, असं तुम्ही विचारलंत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या दोन्हींमध्ये पाच वर्षं गेली आहेत, आणि त्या माणसाची सगळी कारकीर्द पाहिल्याशिवाय त्यातून काही ठरवू नका.

तो पुढारी म्हणजे युर्गेन रुटगर्स. ते 1951 साली कोलोनमध्ये जन्मले. कायदा आणि इतिहास शिकले, शेजारच्या पुलहाइम गावच्या नगर प्रशासनात काम केलं आणि 1987 मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियनकडून, म्हणजे सेडेउकडून, बुंडेस्टागमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत, गेले. 1994 ते 1998 ते तेव्हाचे चॅन्सलर, म्हणजे देशाचे सरकारप्रमुख, हेल्मुट कोल यांच्या मंत्रिमंडळात शिक्षण, विज्ञान, संशोधन आणि तंत्रज्ञान खात्याचे मंत्री होते. जर्मनीतला इंटरनेट सेवांचा पहिला मोठा कायदा 1997 मध्ये त्यांच्याच काळात झाला. म्हणजे कॉम्प्युटर क्षेत्रात माणसं किती कमी आहेत हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं मला जास्त लागतं.

फेब्रुवारी 2000 मध्ये चॅन्सलर गेरहार्ड श्रोडर यांनी हानोफरच्या सेबिट प्रदर्शनात बाहेरच्या कॉम्प्युटर तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड, म्हणजे जर्मनीत काम करण्याचा खास परवाना, जाहीर केलं. मर्यादा 20,000 लोकांची, मुदत पाच वर्षांची, अट पदवीची किंवा वर्षाला एक लाख मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) पगाराची. मे महिन्यात नॉर्थ राइन-वेस्टफालियाची निवडणूक होती आणि रुटगर्स तिथे सेडेउचे उमेदवार होते. भारतीय आणण्यापेक्षा आपली मुलं कॉम्प्युटरसमोर बसवा, असं ते म्हणाले. त्याची ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे ‘भारतीयांऐवजी मुलं’, ही घोषणा झाली आणि रिपब्लिकानर या अतिउजव्या पक्षानं ती उचलून पोस्टरवर छापली. आपल्या मुलांना शिकवा, हा मुद्दा रास्तच होता. पण त्यासाठी एका देशाच्या माणसांचं नाव घ्यायची काही गरज नव्हती. त्याचं समर्थन मी कधीही करणार नाही.

ती निवडणूक ते हरले. सेडेउला 37 टक्के मतं मिळाली. सगळा दोष घोषणेचा होता असं नाही, कोल यांच्या काळातलं देणग्यांचं प्रकरण नुकतंच बाहेर आलं होतं. पण घोषणेनं त्यांना तारलं नाही, एवढं नक्की.

2005 ची निवडणूक वेगळ्याच मुद्द्यावर झाली. देशात बेकारांचा आकडा 50 लाखांवर गेला होता, कोळसा आणि पोलादावर जगणारा या राज्यातला रूर भाग खचला होता. रुटगर्स कामगारांची भाषा बोलू लागले आणि 44.8 टक्के मतं घेऊन त्यांनी श्रोडर यांच्या सोशल डेमोक्रॅट्स पक्षाची राज्यातली 39 वर्षांची सत्ता घालवली आणि ते मुख्यमंत्री झाले. त्या धक्क्यानं श्रोडर यांनी मुदतीआधीच देशाची निवडणूक लावली आणि त्यातून अँगेला मर्केल चॅन्सलर झाल्या. वयस्क कामगारांना बेकारी भत्ता जास्त काळ मिळावा, यासाठी रुटगर्स स्वतःच्या पक्षाशीही भांडले.

आता तुमच्या कामाचं. ह्याच माणसानं 2005 मध्ये देशातलं पहिलं इंटिग्रेशन मंत्रालय काढलं, म्हणजे बाहेरून आलेल्यांना इथल्या समाजात सामावून घेण्याचं खातं, आणि ते आर्मिन लाशेट यांच्याकडे दिलं. लाशेट पुढे स्वतः इथले मुख्यमंत्री झाले. मात्र रुटगर्स पुरते बदलले असंही समजू नका. नोकियानं या राज्यातल्या बोखुम शहराचा कारखाना बंद करून काम रोमानियाला नेलं, त्यावरून 2009 मध्ये ते रोमानियन कामगारांबद्दल वाईट बोलले आणि त्यांना माफी मागावी लागली. 2010 मध्ये कंपन्यांकडून त्यांच्या भेटीचे पैसे घेण्याच्या प्रस्तावावरून पक्षाची बदनामी झाली आणि सरचिटणीस हेंड्रिक व्युस्ट यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी मे महिन्यात सेडेउ 34.6 टक्क्यांवर आली आणि रुटगर्स यांची सत्ता गेली. तेच व्युस्ट 2021 पासून इथले मुख्यमंत्री आहेत, आणि 2022 पासून ग्रीन पक्षाबरोबर सरकार चालवतात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की इथे राज्य सरकार तुमच्या घरात थेट येतं. व्हिसा बर्लिनहून ठरतो, पण शाळा पूर्णपणे राज्याच्या हातात. रुटगर्स सरकारनं कॉलेजला सेमिस्टरमागे 500 युरोपर्यंत फी लावली होती, नंतरच्या सरकारनं 2011 मध्ये ती काढली. चौथीनंतर मूल गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाईल की दुसऱ्या शाळेत, यात रुटगर्स सरकारनं शिक्षकांच्या मताला फार वजन दिलं होतं, तेही पुढे बदललं. आज शिक्षक शिफारस करतात आणि निर्णय पालक घेतात.

तरी ती शिफारस हलकी घेऊ नका. तुमची मुलगी तिसरीत येईल, म्हणजे हा प्रश्न वर्ष-दीड वर्षात समोर उभा राहील. आमच्या मुलाच्या वर्गशिक्षिकेनं गणिताची वही आमच्यासमोर उघडली होती. बेरजा-गुणाकार सगळे बरोबर, आणि खालची शाब्दिक उदाहरणं कोरी. गणित त्याला येत होतं, वाचलेलं जर्मन कळत नव्हतं. तिनं शांतपणे विचारलं, घरी त्याला रोज जर्मन वाचून कोण दाखवतं?

म्हणून मुलीचं जर्मन निघायच्या आधीच सुरू करा, तिकडेच, चांगली शिकवणी लावून. तुम्हीही शिका. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, बी-वन (मध्यम) पातळीचं जर्मन असेल तर 21 महिन्यांत कायम राहण्याचा परवाना मिळू शकतो, नुसत्या ए-वनवर (अगदी सुरुवातीच्या पातळीवर) 27 महिने लागतात. विधानसभेला तुम्हाला मत देता येणार नाही, पण इथल्या शहरांत परदेशी नागरिकांच्या मतांनी निवडले जाणारे सदस्य असलेली इंटिग्रेशन कौन्सिल किंवा तशीच समिती असते. तिथे नक्की मत द्या, शाळांचे आणि भाषावर्गांचे विषय तिथे निघतात.

त्रास कधीच होणार नाही असा शब्द मी देत नाही. ट्रॅममध्ये एखादा माणूस वाकडं बोलतो, घर शोधताना आडनाव वाचून मेलला उत्तर येत नाही. हे आम्ही सोसलंय आणि राग येतोच. पण माझं मत विचाराल तर या. करारात पगाराबरोबर घर मिळेपर्यंतची राहण्याची सोय लिहून घ्या, आणि मुलीचे शाळेचे दाखले जर्मन भाषांतरासह बरोबर आणा.