आजोबांच्या ट्रंकेवरचं लेबल

प्रश्न : आमच्या माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे. 1950 नंतर कधीतरी ते बोटीने विलायतेला गेले होते. ट्रंकेवर एक जीर्ण लेबल आहे, त्यावर 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज' असं छापलंय. आजोबांचं सामान कुणी नाकारलं होतं का? दुसरं असं की वडील आता 71 वर्षांचे आहेत. आजोबांसारखा बोटीचा प्रवास त्यांना एकदा घडवावा असं मनात आहे. तशा बोटी अजून चालतात का?
– एक वाचक, फैजपूर

उत्तर : नाकारलं वगैरे काही नाही, जीवाला लावून घेऊ नका. बोटीवर सामानाची वाटणी निघण्याआधीच व्हायची. वाटेत लागणारं सामान केबिनमध्ये आणि मुक्कामाला पोचेपर्यंत ज्याला हात लावायचा नाही ते बोटीच्या पोटात, खाली. त्या खालच्या सामानाला हे लेबल. म्हणजे 'प्रवासात लागणार नाही', एवढाच त्याचा अर्थ. ट्रंकेत आजोबांचे गरम कपडे असतील, पुस्तकं असतील.

माझ्याही ट्रंकेवर ते होतं. जुलै 1962. धुळ्याच्या गिरणीने माझ्या यजमानांना यंत्रांचं काम शिकायला इटलीत पाठवलं होतं आणि सहा महिन्यांनी मी निघाले. वय वीस. शिरपूरहून एसटीने धुळे, धुळ्याहून चाळीसगावची गाडी, तिथे बदलून मुंबई. पोचवायला आजी, वडील आणि दोन काका. बॅलार्ड पियरला 'व्हिक्टोरिया' उभी होती, इटलीच्या लॉइड त्रिएस्तिनो कंपनीची पांढरीशुभ्र बोट. आम्ही तिला आगबोटच म्हणायचो, चालायची मात्र ती डिझेलवर. 1953 सालची, म्हणजे तेव्हा नऊ वर्षांची. आजीने पुराची तापी सोडून मोठं पाणी कधी पाहिलं नव्हतं. ती धक्क्यावर उभी राहून एवढंच म्हणाली, "माय वं, इतलं पानी!" आणि दशम्यांचा डबा माझ्या हातात दिला.

भोंगा वाजला तो कानात नाही, बरगड्यांत ऐकू आला. बोट हलली हे कळलंच नाही. धक्का आणि बोट यांच्यामधली पाण्याची पट्टी रुंद व्हायला लागली, तेव्हा वाटलं की आजीच मागे सरकते आहे. विमानतळावर माणूस काचेच्या दारातून आत गेला की दिसेनासा होतो. इथे अर्धा तास दिसत राहतं माणूस, लहान लहान होत. आजीचं हिरवं लुगडं शेवटपर्यंत ओळखू येत होतं.

बोट आधी कराचीकडे निघाली. कुणीतरी सांगितलं, खंबातचं आखात उजव्या हाताला राहील. आमची तापी सुरतेजवळ ह्याच समुद्राला मिळते, एवढ्या विचाराने मला धीर आला. तो पुरला मात्र एकच रात्र. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे कराचीपासून एडनपर्यंत मला बोट लागली ती लागलीच. जेवणघरात टेबलांच्या कडा वर उचलून ठेवलेल्या, टेबलक्लॉथ मुद्दाम ओला केलेला, म्हणजे ताटल्या घसरू नयेत. आमच्या टेबलावरचा म्हातारा वाढपी मराठीचं अक्षर न जाणणारा, पण रोज सुकी बिस्किटं आणि हिरवं सफरचंद माझ्यापुढे ठेवायचा. दशम्या एडनला, पोट ठिकाणावर आल्यावर, डेकवर बसून खाल्ल्या. शेंगदाण्याच्या चटणीसकट.

दुपारी बाराला फळ्यावर कागद लागायचा. चोवीस तासांत बोट किती सागरी मैल गेली, ते त्यावर असे. दर दोन-तीन दिवसांनी रात्री घड्याळ मागे घ्यायचं. सुएझ कालव्यात बोट इतकी हळू जाते की काठावरचा उंट आपल्याबरोबर चालतोय असं वाटतं; एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला खजुरांची हिरवी रेघ. पोर्ट सैदला जादूगार डेकवर चढले. एकाने माझ्या पदराआडून कोंबडीचं जिवंत पिल्लू काढलं. बाराव्या-तेराव्या दिवशी इटलीत उतरले, तेव्हा आपण घरापासून किती लांब आलो ते माझ्या अंगाला माहीत झालेलं होतं. पुढे विमानाने अनेकदा गेले. ती जाणीव पुन्हा आली नाही. वडिलांना प्रवास घडवायचाय म्हणता, तर हे घडवा.

तुम्ही फैजपूरचे म्हणून सांगते. 1936 साली तुमच्या गावी काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. तिथे आलेले गांधीजी पाच वर्षं आधी, 29 ऑगस्ट 1931 रोजी, गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' बोटीने मुंबईहून निघाले होते. बरोबरच्यांनी फार सामान घेतलंय हे पाहून ते नाराज झाले आणि जास्तीच्या ट्रंका त्यांनी एडनहून परत पाठवायला लावल्या. लेबल वाचून मला आधी तेच आठवलं.

आता बोटींचं. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या त्या बोटी विमानांनी संपवल्या, आणि 1967 ते 1975 सुएझ कालवा बंद राहिला तेव्हा उरलंसुरलंही गेलं. मुंबईहून गोव्याकडे वगैरे हल्ली जातात त्या क्रूझ. त्यांची मजा वेगळी, पण त्या फिरायला नेतात, पोचवायला नाही. महासागर ओलांडणाऱ्या बोटीची बांधणीच निराळी असते. जाड पत्रा, पाण्यात खोल बुडालेलं अंग, लांब निमुळतं नाक आणि वेग. तशी नियमित चालणारी एकच बोट आज आहे, 'क्वीन मेरी 2'. 2004 पासून ती इंग्लंडमधलं साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क असा अटलांटिक ओलांडते, हल्ली सहसा सात रात्रींत.

माझं मत स्पष्ट आहे : जायचं तर इंग्लंडहून अमेरिकेकडे जा, उलटं नाही. पश्चिमेला जाताना घड्याळ पाच वेळा एकेक तास मागे जातं, म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे मिळतात. 71 व्या वर्षी ती जास्तीची झोप सोन्यासारखी. येताना न्यूयॉर्कहून विमान. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हींचा व्हिसा लागेल, अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख लांबची मिळते म्हणून आधी तो घ्या आणि मगच तिकीट. केबिन मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची मागा. तिथे हेलकावे सर्वांत कमी बसतात आणि ती सहसा स्वस्तही असते. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. बरोबर सुंठ ठेवा.

खर्च झेपणारा नसेल तर मुंबईहून तीन तासांवर दुबई आहे. तिथे रशीद बंदरात 'क्वीन एलिझाबेथ 2' कायमची उभी आहे. 1969 ते 2008 समुद्रावर चालली, 2018 पासून तिचं हॉटेल झालंय. दोन रात्री राहा. लाकडाने मढवलेल्या भिंती, गोल खिडक्या, लांबलचक बोळ, सगळं खरं आहे. फक्त पायाखालची जमीन हलत नाही. वडिलांचे गुडघे किंवा हृदय नाजूक असेल तर मी हाच सल्ला देईन. प्रकृती ठणठणीत असेल, तर दोन वर्षं पैसे साठवा आणि अटलांटिकच ओलांडा.

ट्रंकेला रंग देऊ नका. लेबल ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. आणि एकदा ती उघडून वडिलांसमोर ठेवा. प्रवासाचं बोलणं तिथूनच सुरू होईल.

प्रश्न : माझे पणजोबा भुसावळला रेल्वेत होते. "विलायतेची बोट आली की आमची गाडी निघायची," असं ते सांगत, असं घरात म्हणतात. बोटीचा आणि भुसावळचा काय संबंध?
– एक वाचिका, भुसावळ

उत्तर : पणजोबा अगदी बरोबर सांगत होते. बोटीने येणारी विलायतेची टपाल आणि साहेब लोक उत्तरेला नेण्यासाठी थेट बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरून गाडी सुटायची, पंजाब लिमिटेड. 1912 पासूनची. मुंबई ते पेशावर, सुमारे 2,500 किलोमीटर, सत्तेचाळीस तास. ती आपल्या जळगाव-भुसावळवरून, इटारसी-झाशीमार्गे जायची. घाट चढून आलेली ती गाडी भुसावळला पाणी-कोळसा घ्यायची तेव्हा तिच्या डब्यात लंडनच्या शिक्क्याची पाकिटं असायची. पणजोबांनी त्या पिशव्या पाहिल्या असणार.

तीच गाडी आज पंजाब मेल. मुंबईहून फिरोजपूरपर्यंत जाते आणि भुसावळला थांबते.