रेगटेकमध्ये पीएचडी आणि बाळासाहेबांची चार नावं

ताई, तुम्ही विचारलंय की नाशिकच्या नागरी बँकेत सहा वर्षं रिझर्व्ह बँकेची रिटर्न्स, म्हणजे ठरावीक मुदतीचे अहवाल, भरताय, आता रेगटेकमध्ये, म्हणजे वित्तीय नियम पाळण्यासाठीच्या तंत्रज्ञानात, पीएचडी करायला लंडनला यायचंय. तर विषय कोणता घ्यावा आणि यावं का. मी मूळची पंचवटीची. इथे एका बँकेत कम्प्लायन्स बघते.

'एआय वापरून फसवणूक शोधणार' एवढंच प्रस्तावात असेल तर तो ढिगात जाईल. २०१६ मध्ये इथल्या एफसीएने, म्हणजे वित्तीय नियामकाने, सँडबॉक्स (नवी उत्पादनं देखरेखीखाली तपासून बघायची सोय) सुरू केला तेव्हा बोलबाला नव्या फिनटेक, म्हणजे तंत्रज्ञानावर चालणाऱ्या वित्त कंपन्यांचा होता. आता पर्यवेक्षकाच्या स्वतःच्या हत्यारांवर, म्हणजे सुपटेकवर, बरंच काम चाललंय. त्यातला दिसायला रुक्ष, पण माझ्या मते सगळ्यात कसदार प्रश्न रिपोर्टिंगचा. ऑस्ट्रियातल्या बँकांनी २०१४ मध्ये मिळून एक कंपनीच काढली. प्रत्येक बँक आपली मूळ माहिती एकदाच, ठरलेल्या साच्यात ठेवते आणि मध्यवर्ती बँकेला हवे ते तक्ते त्यातूनच निघतात. तिमाही संपताना एकच एनपीएचा आकडा दोन रिटर्न्समध्ये वेगळा निघाला की तुमची रात्र कशी जाते ते आठवा, म्हणजे याचं मोल कळेल. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची सीआयएमएस ही बँकांकडून माहिती गोळा करणारी प्रणाली २०२३ मध्ये आली. दोन्हींची तुलना हाच एक चांगला प्रबंध होईल.

दुसरा विषय मनी लाँडरिंगचा. बीआयएसच्या (मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय बँकेच्या) नॉर्डिक केंद्राने 'अरोरा' प्रकल्पात कृत्रिम डेटा तयार करून दाखवलं की एकेका बँकेचं खातं सुटं न बघता अनेक बँकांचे व्यवहार जाळ्यासारखे पाहिले, तर संशयित जास्त सापडतात. पण जाळं विणायला माणूस ओळखता यायला हवा ना! आमच्या चुलत्यांचं नाव सातबाऱ्यावर बाळासाहेब, आधारवर बाळू, पतसंस्थेच्या पासबुकात बाळकृष्ण आणि द्राक्षं विकत घेणाऱ्याच्या चेकवर आणखी काहीतरी. इथल्या सॉफ्टवेअरला हे चार जण वाटतात. देवनागरी ते रोमन नावांची जुळणी हा विषय तुम्ही घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण तो त्रास तुम्ही रोज काउंटरवर भोगलाय.

यावं का? फी आणि राहण्याचा खर्च भागवणारी फेलोशिप मिळाली तरच या. कर्ज काढून पीएचडी नको, बँकवाल्या बाईला हे मी काय सांगू. एमएस्सी करून बघू असंही मनात असेल, तर पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच आहे. पीएचडीवाल्यांना मात्र तीन वर्षं.

आणि निघताना ग्राहकांचा डेटा पेनड्राइव्हवर घालून आणू नका, नाव-पत्ते पुसलेला असला तरी. चुकांचे प्रकार तेवढे वहीत उतरवून आणा.