आयसीयूतली सिस्टर 'क्वालिटी'त गेली तर?

प्रश्न (मूळ पत्र थोडक्यात) : सर, मी बीएस्सी नर्सिंग आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका दीडशे खाटांच्या खासगी हॉस्पिटलात चार वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स म्हणून काम करते. गेल्या वर्षी एनएबीएचची (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेची) तयारी सुरू झाली, तेव्हा मेट्रन मॅडमनी मला सहा महिने क्वालिटी विभागाच्या मदतीला दिलं. ते काम मला फार आवडलं. आता परत आयसीयूत आहे, पण मन तिकडेच. बरोबरच्या सिस्टर म्हणतात, "क्वालिटी म्हणजे फायली रंगवायचं काम, हातातलं कसब घालवशील." भाऊ म्हणतो जर्मन शिक आणि जर्मनीला जा. एमबीए करू, एमएचए (हॉस्पिटल प्रशासनातली पदव्युत्तर पदवी) करू की एमएस्सी नर्सिंग? संशोधन करावंसं वाटतं, पण नर्सचं ऐकतो कोण?

उत्तर : 'सर' म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहितो.

तुझ्या सिस्टर सांगतात ते अर्धं खरं आहे. एनएबीएचचे असेसर म्हणजे तपासनीस यायच्या आदल्या आठवड्यात रात्र रात्र बसून मागच्या सहा महिन्यांची रजिस्टरं एकाच निळ्या पेनाने भरणारी माणसं माझ्या ऑफिसात येऊन गेली आहेत. त्यातले बरेच जण दोन वर्षांत कंटाळून बिलिंगला किंवा मार्केटिंगला गेले. ते काम करायचं असेल तर आयसीयू सोडू नकोस. पण क्वालिटीचं दुसरं एक काम आहे. ते मला कळलं वडिलांच्या खाटेशेजारी बसून.

काही वर्षांपूर्वी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. हॉस्पिटलचं नाव महत्त्वाचं नाही. आपल्याकडच्या जनरल वॉर्डात पाटील किती असतात ते तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी तिघे होते. संध्याकाळी सिस्टर ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाटील काका ना?" वडिलांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे कुणी काहीही विचारलं की ते हसून मान डोलवायचे. तशी डोलावली. मी सहज विचारलं, कसलं इंजेक्शन? "इन्शुलिन." वडिलांना शुगर नव्हतीच. ते इंजेक्शन खिडकीजवळच्या पाटलांचं होतं. सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. त्या पाळीत तीसेक पेशंटना मिळून दोघीच होत्या. मी तक्रार केली नाही, त्यांनी कुठे नोंद केली नाही, आणि प्रकरण मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "पाटील काका ना?"

चूक घडता घडता राहिली आणि त्यातून वॉर्ड काहीच शिकला नाही, हे मला आजही खटकतं. "पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं, मनगटावरची पट्टी आणि केसपेपर जुळवायचा, एकाच आडनावाचे दोन पेशंट असले तर फाईलवर ठळक खूण करायची. यात खर्च काय आहे? पण हे प्रत्येक पाळीत, प्रत्येक सिस्टरकडून, कुणी बघत नसतानाही व्हावं अशी घडी बसवणं हे पूर्ण वेळचं आणि डोक्याचं काम आहे. तुला जे आवडलं ते हेच असावं, असा माझा अंदाज आहे.

आता 'नर्सचं ऐकतो कोण' याबद्दल. पीटर प्रोनोव्होस्ट हे तेव्हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलातले आयसीयूचे डॉक्टर. सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) होणारा रक्तातला जंतुसंसर्ग कमी करण्यासाठी त्यांनी पाच गोष्टींवर भर दिला. हात धुणं, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणं, लाइन टाकताना गाऊन-मास्क-मोठा ड्रेप वापरणं, शक्यतो मांडीतून लाइन न टाकणं, आणि गरज संपली की लाइन काढणं. यातलं तुला नवीन काही नाही. नवीन होतं ते पुढचं. लागणारं सगळं सामान एका ट्रॉलीत ठेवलं, म्हणजे शोधाशोधीत पायरी गळणार नाही. आणि पायरी चुकली तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं, हा अधिकार तिला हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाने दिला. मग हेच मिशिगन राज्यातल्या शंभराहून जास्त आयसीयूंमध्ये राबवलं. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) संसर्गाचं सरासरी प्रमाण ७.७ होतं, ते दीड वर्षात १.४ वर आलं. यात नवं औषध नव्हतं की नवं यंत्र नव्हतं.

एवढं वाचून 'चला, अशीच पायऱ्यांची यादी, चेकलिस्ट, छापू या' असं म्हणू नकोस. उत्तर प्रदेशातल्या १२० सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये सुरक्षित बाळंतपणाच्या चेकलिस्टचा मोठा अभ्यास झाला. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या केंद्रांमध्ये चेकलिस्ट दिली आणि ती वापरायला शिकवणारी माणसंही पाठवली. दोन महिन्यांनी तिथे आवश्यक कामांपैकी सुमारे ७३ टक्के होत होती, बाकीच्या केंद्रांत ४२ टक्के. शिकवणारी माणसं परत गेल्यावर, वर्षाच्या शेवटी, ७३ चे ६२ झाले. आणि आई-बाळांच्या मृत्यूंत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ज्यांनी हे काम उभं केलं त्यांनीच हा निकाल सगळ्यांसमोर मांडला, याचं मला जास्त कौतुक वाटतं. कागद सुधारला म्हणजे पेशंट सुधारतो असं नाही, हे मोजल्याशिवाय कळलं नसतं. संशोधन म्हणतात ते हेच. आपण चांगलं काम केलं असं वाटणं वेगळं आणि ते झालं का हे तपासणं वेगळं.

त्यासाठी पीएचडीपर्यंत थांबायचं कारण नाही. तुझ्या आयसीयूत किंवा शेजारच्या वॉर्डात इंट्राकॅथमुळे (सलाइनसाठी हाताच्या शिरेत टाकलेल्या बारीक नळीमुळे) हात सुजण्याचं, शीर लाल होण्याचं प्रमाण किती आहे, ते बघ. 'खूप आहे' हे उत्तर चालणार नाही. रोज सकाळच्या हँडओव्हरनंतर दोन आकडे लिही. आज किती पेशंटना इंट्राकॅथ आहे, आणि त्यातल्या किती जणांची जागा लाल, दुखरी किंवा सुजलेली आहे. पहिला आकडा लोक हमखास विसरतात. "या महिन्यात अकरा जणांना फ्लेबायटिस (शिरेची सूज) झाला" या वाक्याला अर्थ नसतो, कारण अकरा कितीपैकी ते कळत नाही. छेद नसलेला आकडा मीटिंगमध्ये भांडण लावायच्या कामाचा, दुसऱ्या कशाच्या नाही.

सहा आठवडे नुसतं मोज. काही बदलू नकोस, कुणाला बोल लावू नकोस. मग एकच बदल कर, समजा ड्रेसिंगवर इंट्राकॅथ टाकल्याची तारीख-वेळ लिहायची. तोही आधी एका पाळीत, एका सिस्टरबरोबर, दोन-चार पेशंटवर. काय अडलं? मार्कर पेन सापडत नाही, हे अडेल. (हसू नकोस, बहुतेक ठिकाणी घोडं मार्कर पेनपाशीच अडतं.) ते सोडव, मग दोन पाळ्या, मग वॉर्ड. एक्सेलमध्ये आठवड्यागणिक एक ठिपका टाकत जा. बारा-पंधरा ठिपके झाले की तो कागद घेऊन मेट्रन मॅडमकडे जा. ज्या कन्सल्टंटना तुझं नावही माहीत नाही, ते त्या आलेखापुढे दोन मिनिटं थांबतील. हे पुढेमागे प्रसिद्ध करायचं मनात असेल तर सुरू करण्याआधीच हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीकडे जा. नंतर परवानगी मागून उपयोग नसतो.

संशोधन मोठ्या शहरात, मोठ्या इमारतीतच होतं असं वाटत असेल तर गडचिरोली आठव. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आधी गावोगाव नीट मोजलं होतं, म्हणून ते दाखवता आलं.

आता डिग्रीचं. तुझ्या तीन पर्यायांमध्ये फरक साधा आहे. एमएस्सी नर्सिंग केलंस तर शिकवणं, क्लिनिकल तज्ज्ञता आणि नर्सिंगमधलं नेतृत्व यांचा रस्ता खुला राहतो. मेट्रन किंवा नर्सिंग डायरेक्टर व्हायचं असेल तर हीच वाट. एमएचए किंवा हॉस्पिटल मॅनेजमेंटमधलं एमबीए तुला वॉर्डाबाहेर आणतं. खरेदी, कायदा, मनुष्यबळ, खर्च हे सगळं कळू लागतं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि पुण्यात सिम्बायोसिस इथे असे अभ्यासक्रम आहेत. पुण्याच्या एएफएमसीतलं (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातलं) हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनचं एमडी डॉक्टरांसाठी आहे, ते यादीतून काढ. आणखी एक वाट तू विचारली नाहीस, ती एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. आकडेवारी आणि संशोधनपद्धत सगळ्यात पक्की तिथे होते. तुझ्या पत्रात 'संशोधन' हा शब्द चार वेळा आणि 'मॅनेजमेंट' एकदाही नाही, म्हणून ती सुचवतोय.

माझं मत विचारशील तर या वर्षी कुठेच फॉर्म भरू नकोस. आधी वरचं मोजमापाचं काम कर. प्रवेशाच्या मुलाखतीत "मला पेशंटच्या सुरक्षेची आवड आहे" असं सांगणारे शंभर असतात, स्वतःचा आलेख टेबलावर ठेवणारी एखादीच. मधल्या काळात एनएबीएचच्या निकषांचं रीतसर प्रशिक्षण घे. असेसरांच्या टीममध्ये नर्सही असतात, हे तू पाहिलंच असशील. सरकारी बाजूही बघ. सरकारी रुग्णालयांसाठी एनक्यूएएस म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता निकष आहेत, प्रसूती कक्षांसाठी २०१७ पासून 'लक्ष्य' हा कार्यक्रम आहे, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा पातळीवर गुणवत्तेची पदंही असतात. पदं बहुतेक कंत्राटी आहेत, हे आईबाबांना आधीच सांग. पण या बाजूच्या कामाची गरज किती आहे ते भंडाऱ्याने दाखवलंय. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली आणि दहा बाळं गेली. पेशंटची सुरक्षा म्हटल्यावर आपल्याला इंजेक्शन आणि ऑपरेशन आठवतं. वायरिंग आणि आगीचा अलार्म हेही त्याच खात्यात येतं.

पगाराचं सरळ सांगतो. छोट्या शहरात क्वालिटी एक्झिक्युटिव्ह म्हणून सुरुवात केलीस तर नाइट अलाउन्स जाईल आणि पहिली एक-दोन वर्षं हातात आजच्याइतकेच, कदाचित कमी पैसे येतील. घरी कर्जाचा हप्ता असेल तर हा हिशेब कागदावर मांड. जर्मनीचा भावाचा सल्लाही वाईट नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आहे आणि नर्सना तिथे मागणी आहे. पण भाषेची तयारी, मग पात्रतेला मान्यता, मग पुन्हा बेडसाइडपासून सुरुवात, यात काही वर्षं जातात. पैशासाठी जायचं तर जा, त्यात लाज कसली? क्वालिटीत शिरायचा आडमार्ग म्हणून मात्र जाऊ नकोस.

नेतृत्वाबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्याने मी थांबलो. तू लिहितेस, "इन्सिडेंट फॉर्म ठेवले होते, पण सहा महिन्यांत तीनच आले, म्हणजे आमच्याकडे चुका कमी होतात." दीडशे खाटांमध्ये, सहा महिन्यांत, तीन? सिस्टर, चुका कमी होत नाहीयेत, फॉर्म भरायची भीती वाटतेय.

अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरात एका नर्सने औषधांच्या यंत्रातून झोपेच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं औषध काढलं. दोन्ही नावं इंग्रजीत त्याच दोन अक्षरांनी सुरू होतात. पेशंट दगावली. नर्सने आपली चूक स्वतःहून कबूल केली होती. तरी पुढे तिच्यावर फौजदारी खटला चालला आणि २०२२ मध्ये ती दोषी ठरली. तुरुंगवास टळला, तीन वर्षांची प्रोबेशन मिळाली, नर्सिंगचा परवाना त्याआधीच गेला होता. तिच्या निष्काळजीपणाबद्दल मतभेद आहेत, मलाही ते प्रकरण सरळ वाटत नाही. पण तिथल्या नर्सेसच्या संघटनांनी तेव्हाच बजावलं की अशाने चुका थांबणार नाहीत, लपतील.

तुझ्या हॉस्पिटलात फॉर्म भरणाऱ्या सिस्टरला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? "ड्युटीवर कोण होतं?" हा असेल, तर पुढच्या सहा महिन्यांत तीनाचे दोन होतील. "दोन्ही व्हायल शेजारी शेजारी का ठेवल्या होत्या?" हा असेल, तर तीनाचे तीस होतील. व्यवस्थापन घाबरेल, म्हणेल की क्वालिटीवाल्यांनी चुका वाढवल्या. त्या मीटिंगमध्ये उभं राहून "वाढल्या नाहीत, आता दिसायला लागल्या" असं सांगणारं कुणीतरी लागतं. आयसीयूत चार वर्षं काढलेल्या सिस्टरने ते सांगितलं तर वॉर्डातल्या बायका तिच्यावर विश्वास ठेवतात. माझ्यासारख्या बाहेरच्याने सांगून ते होत नाही. सिस्टर म्हणतात तसं हातातलं कसब तुला घालवायचं नाहीये, कारण वॉर्डात तुझा शब्द त्याच्याच जोरावर चालणार आहे. म्हणून क्वालिटीत गेलीस तरी महिन्यातून दोन-चार पाळ्या बेडसाइडला करायची अट ऑफर लेटर घेतानाच घाल.

प्रवेशाच्या तारखांचं पुढच्या पत्रात बोलू. त्याआधी उद्या सकाळच्या हँडओव्हरनंतर तुझ्या आयसीयूत किती जणांना इंट्राकॅथ आहे ते मोज आणि दोन्ही आकडे मला कळव.