सांगलीत दारात उभी असलेली जुनी पेट्रोल कार भंगारवाल्याला दिली तर चालेल का?

नका देऊ. तो पैसे रोख देईल, पण आरसी तुमच्याच नावावर राहील. उद्या तो चासी नंबर दुसऱ्या गाडीवर सापडला तर पोलीस तुम्हालाच विचारणार.

थकीत चलनं भरा, कर्जाचा बोजा बँकेची एनओसी घेऊन उतरवा आणि 'वाहन' पोर्टलवरून नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राकडे अर्ज करा. गाडी जमा केल्यावर 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. ते जपा, नव्या खासगी गाडीच्या करात सवलत त्यावरच मिळते. शेवटी एमएच-१० च्या आरटीओतून नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. फास्टॅगही बंद करा.

खरा धोका आतल्या द्रवांचा आहे. छोट्या इंजिनात अडीच-तीन लिटर काळं ऑइल असतं. गॅस कटर लावण्याआधी ते काढलं नाही तर गटारातून थेट कृष्णेत. एसीचा आर-१३४ए गॅस तर मशीननेच ओढून घ्यावा लागतो: हवेत सोडलेला १ किलो गॅस सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. एअरबॅग असेल तर घरी अजिबात उघडू नका, आत स्फोटक असतं.

इंजिन, बॅटरी, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आधीच काढून विकू नका, केंद्र तेवढी किंमत कापतं.