पाणी कुठून यायचं?

प्रश्न : आम्ही दोघं मे महिन्यात इस्तंबूलला निघालोय. टूरवाल्यांनी हाया सोफिया, निळी मशीद आणि तोपकापी राजवाडा दिलाय. शेवटच्या दिवशीची सकाळ मोकळी आहे. शहराचा इतिहास केवढा, नावंच तीन! ताई, सुरुवात कुठून करू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नावांचं आधी उरकते. ग्रीकांनी वसवलेलं ते बायझँटियम. सन ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने तिथे राजधानी आणली, म्हणून कॉन्स्टँटिनोपल. १४५३ मध्ये सुलतान दुसरा मेहमद याने ते जिंकलं. इस्तंबूल हे नाव लोकांच्या तोंडी आधीपासून होतंच; १९३० मध्ये ते सरकारदरबारी पक्कं झालं. एवढं गाइड सांगतोच.

मोकळ्या सकाळी मात्र हाया सोफियाच्या जवळच येरेबातान नावाचा जमिनीखालचा हौद आहे, त्याच्या पायऱ्या उतरा. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधलेला. आत ३३६ खांब, प्रत्येक सुमारे ९ मीटर उंच. भरला तर जवळजवळ ८ कोटी लिटर पाणी. खांब एकसारखे नाहीत. कुणाच्या माथ्यावर पानांची नक्षी, कुणाचा माथा अगदी साधा, कारण त्यांतले बरेचसे जुन्या इमारतींमधून काढून आणलेले. टोकाच्या दोन खांबांखाली मेदुसाची (ग्रीक पुराणातली, केसांच्या जागी साप असलेली बाई) दगडी मुंडकी आहेत, एक आडवं, एक उलटं. गर्दी तिथेच असते. तुम्ही अश्रूंच्या नक्षीच्या खांबापाशी थोडं थांबा. तो कायम ओला असतो.

एवढा खटाटोप कशासाठी? शहराच्या तीन बाजूंना समुद्र, म्हणजे खारं पाणी. गोडं पाणी दुरून, कमानींवरून वाहून आणायचं. वेढा घालणाऱ्याने ती वाट तोडली की संपलं. ६२६ मध्ये आव्हार टोळ्यांनी नेमकं तेच केलं आणि दुरुस्ती झाली ती थेट ७६६ मध्ये. मधली एकशे चाळीस वर्षं शहर आक्रसलं, पण मोडलं नाही. साठवलेल्या पाण्याचा त्यात मोठा वाटा होता. त्या कमानी आजही उभ्या आहेत, खालून मोटारी जातात.

पुढे लोक या हौदाला विसरले. सोळाव्या शतकात पेत्रुस गिलियुस हा फ्रेंच अभ्यासक तिथे गेला, तर घराघरांत लोक जमिनीतल्या भोकातून पोहरा सोडत होते. पाणी यायचंच, मासेही मिळायचे! खाली काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. आपल्या घराखाली काय आहे हे न कळताच माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदतात.

प्रश्न : परदेशातलं तुम्ही छान सांगता. पुण्यात असं काही का नाही? – एक विद्यार्थिनी, शुक्रवार पेठ

उत्तर : अगं, तू त्याच्यावरूनच रोज कॉलेजला जात असशील! अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी शहरात आणलं. जमिनीखालून बांधीव नळ, काही ठिकाणी माणूस उभा चालेल एवढा उंच, आणि पंप वगैरे काही नाही, नुसत्या उताराने पाणी खेळवलेलं. हवा सुटायला मध्ये मध्ये उच्छ्वास ठेवलेले. फडके हौद, बदामी हौद ही नावं त्याच व्यवस्थेची. रिक्षावाल्याला आपण ‘फडके हौद’ सांगतो. त्यातला हौद मात्र मनात येत नाही.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यातही हौद होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासल्याचंही धरण गेलं आणि नळ कोरडे पडले. आई सांगायची, सगळी गल्ली कळश्या घेऊन आमच्या हौदावर आली होती. दिंडीदरवाजा रात्रीसुद्धा लावला नाही.

आणि हेही विसरू नकोस की हे पाणी सगळ्यांना मिळत नव्हतं. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. माझ्या लेखी पुण्याच्या पाण्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी तारीख ती. गंज पेठेतल्या फुले वाड्यात जाऊन ये, चालत जा.

प्रश्न : व्हेनिसमध्ये चौकाचौकात दगडी कठडे दिसले. झाकण बंद. ते काय? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आड! पण झऱ्याचे नव्हेत, पावसाच्या पाण्याचे. चौक खोल खणायचा, तळाला नि भिंतींना चिकणमातीचा लेप द्यायचा म्हणजे खाडीचं खारं पाणी आत शिरणार नाही. मग वाळू भरायची आणि मधोमध विटांचा आड उभा करायचा. फरशीतल्या दगडी छिद्रांतून पाऊस आत जायचा, वाळूतून गाळून आडात यायचा. आपण सगळे व्हेनिसचे कालवे बघत राहतो आणि पायाखालचं हे गाळणं आपल्याला दिसतच नाही. भरतीचं पाणी वर चढून आत गेलं तर सगळं नासायचं. दुष्काळात ब्रेंता नदीचं पाणी होड्यांतून आणून आडात ओतायचे. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळ आला आणि आडांवर झाकणं पडली.

पुन्हा गेलात तर कठड्याच्या कडेवरून हात फिरवा. दोरांनी घासून संगमरवरात खाचा पडल्यात, माझं बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. आमच्या वाड्यातल्या आडाच्या काळ्या दगडावरही अगदी तश्शाच होत्या.

प्रश्न : रोमला मुलांना घेऊन जातोय. त्रेवी कारंज्याबद्दल थोडक्यात सांगा. – एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : कारंजं १७६२ चं, पण त्याला पाणी देणारी वाट इसवी सनापूर्वी १९ मध्ये अग्रिप्पा या रोमन सेनापतीने आणली, तीही बहुतेक जमिनीखालून. मुलांना आधी हे सांगा, मग नाणी टाकू द्या. रस्त्यांवर ‘नासोनी’ म्हणून लोखंडी नळ आहेत, १८७४ पासूनचे, चोवीस तास वाहणारे. पाणी पिण्याचं असतं, तेव्हा विकतची बाटली घेऊ नका. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, ती ओंजळ न करता सरळ तोंडात घेता येते.