वाचकांचे प्रश्न : पीडीएफ उघडते, पण चालत नाही

प्रश्न : लिब्रेऑफिसमधून कोटेशनची पीडीएफ काढतो. माझ्या कॉम्प्युटरवर ती नीट उघडते, पण टेंडरच्या पोर्टलवर चढवली की ‘इनव्हॅलिड फाइल’ येते. सॉफ्टवेअर बदलू का?
– एक लघुउद्योजक, सातपूर

उत्तर : एवढ्यात नको. पीडीएफ उघडली म्हणजे ती धड आहे असे नाही. अ‍ॅक्रोबॅट रीडर आणि ब्राउझर मोडकी फाइल गुपचूप सांधून दाखवतात; पोर्टल इतके सांभाळून घेत नाही. रीडरमध्ये फाइल उघडा आणि काहीही न करता बंद करा. तरीही ‘बदल सेव्ह करायचे का?’ असे विचारले, तर आत डागडुजी झाल्याचा दाट संशय घ्यावा.

आता फाइलची प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडा. मधला मजकूर अगम्यच दिसणार, तो सोडून द्या. सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह, रोमन अक्षरांत पीडीएफ आणि आवृत्तीचा आकडा (१.४, १.७ असा) हवा. तिथे ‘एचटीएमएल’ दिसले, तर ती पीडीएफ नाहीच. एखादे लॉगिनचे पान त्या नावाने डाउनलोड झाले आहे. अगदी शेवटी ‘स्टार्टएक्सरेफ’, त्याखाली एक संख्या आणि त्याखाली दोन टक्केचिन्हांपुढे ‘ईओएफ’ असते. फाइलमधली अनुक्रमणिका कितव्या बाइटपासून सुरू होते, ते ही संख्या सांगते.

शेवट गायब असेल तर फाइल अर्धवट लिहिली गेली आहे. थेट पेनड्राइव्हवर एक्सपोर्ट करून तो लगेच उपसला, किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरचे कनेक्शन मधेच तुटले, की असे होते. शेवट जागेवर असूनही अनुक्रमणिका चुकत असेल, तर वाटेत कुणीतरी बाइट बदलले आहेत. नोटपॅडमधून सेव्ह केले तरी हेच होते. म्हणून प्रतच उघडायची आणि सेव्ह करायचे नाही.

नेमका दोष ‘क्यूपीडीएफ’ हे मोफत साधन सांगते. कमांड प्रॉम्प्टमध्ये त्याला ‘चेक’ हा पर्याय आणि फाइलचे नाव द्या. परतीचा कोड (काम संपल्यावर साधन परत देते तो आकडा) ० आला तर रचनेत दोष सापडला नाही, ३ म्हणजे इशारे, २ म्हणजे चुका. चुका असतील तर मूळ दस्तऐवज पुन्हा कॉम्प्युटरच्याच डिस्कवर एक्सपोर्ट करा आणि मग कॉपी करा. मूळ हाताशी नसेल तर क्यूपीडीएफला जुन्या आणि नव्या फाइलचे नाव द्या. ते अनुक्रमणिका नव्याने लिहून देते. मात्र फाइलवर डिजिटल सही असेल तर अशा दुरुस्तीने ती बाद होते. आधी दुरुस्ती, सही शेवटी. आणि ० येऊनही पोर्टल अडवत असेल, तर एक्सपोर्ट करताना सिक्युरिटीच्या टॅबमध्ये पासवर्ड लागला आहे का, तेही पाहा.

प्रश्न : वर्डमध्ये केलेली लग्नपत्रिका पीडीएफ करून छापखान्यात दिली. तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : फॉन्ट फाइलसोबत गेलेला नाही. जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आतली अक्षरे रोमनच असतात, देवनागरी फक्त फॉन्टमुळे दिसते. रीडरमध्ये प्रॉपर्टीज, मग फॉन्ट्स उघडा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ हवे. नसेल तर वर्डच्या ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पीडीएफ निवडून ऑप्शन्समध्ये पीडीएफ/ए (फॉन्ट फाइलमध्येच ठेवणारा पीडीएफचा प्रकार) वर खूण करा आणि नव्या फाइलची यादी पुन्हा तपासा. फॉन्टच्या परवान्यातच मनाई असेल तर वर्ड अक्षरांचे चित्र करू शकते, पण छपाईत कडा फुटतात. तेव्हा युनिकोड फॉन्ट घ्या आणि मजकूर पुन्हा जुळवा.

प्रश्न : पीडीएफमध्ये ‘नाशिक’ शोधले तर सापडत नाही. कॉपी केले तर ‘नािशक’ येते.
– एक वाचक, निफाड

उत्तर : ही फाइल बिघडलेली नाही. पानावर ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी काढली जाते आणि पीडीएफमध्ये आकार बहुधा त्याच क्रमाने नोंदले जातात, युनिकोडमध्ये मात्र आधी ‘श’, मग वेलांटी. आकारावरून अक्षर सांगणारा तक्ता फाइलमध्ये असला, तरी तो क्रम पालटत नाही. मजकूर पुन्हा लागणार असेल तर मूळ डॉक्स फाइल मागून घ्या. ती मिळत नसेल तर पानांची चित्रे करून ‘टेसरॅक्ट’ या प्रोग्राममध्ये मराठी भाषा निवडून ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणे) करा; नावे आणि आकडे मात्र नजरेखालून घालावे लागतील.